ऑपरेशन झालं, तरी धूसर का दिसतं?

(मेहकर तालुक्यात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जोडून आपल्या प्रभागसंघाची सभा झाली. तिथे सरकारी दवाखान्यातून नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या एका ताईंचं भाषण झालं. बऱ्याच गटांनी ते लिहून मागितलं, म्हणून जसं झालं तसं, थोडं आवरून देत आहोत.)

अध्यक्षताई, सचिवताई, सगळ्या सीआरपी ताई, आणि तिकडे मागं भिंतीला टेकून बसलेल्या आज्या. आजचं माझं बोलणं खरं तर त्या मागच्या रांगेशी आहे. पुढच्या रांगेनं जास्त लक्ष देऊन ऐकायचं, कारण आज्या घरी जाऊन काही सांगत नाहीत.

आधी एक स्पष्ट करते. मी डॉक्टर नाही. माझं काम म्हणजे नजर तपासणं, नंबर काढणं, शिबिरात बसणं, कोणाचा मोतीबिंदू ऑपरेशनला आला ते बघून पाठवणं. ऑपरेशन करणारे सर्जन वेगळे. पण ऑपरेशनच्या आधी आणि नंतर बायका बोलायच्या त्या माझ्याशीच. सर्जनसमोर "बरं आहे साहेब" म्हणायचं आणि बाहेर येऊन माझा हात धरून "बाई, दिसून नाही रायलं" म्हणायचं. असं कितीदा झालं असेल, मोजदाद नाही.

सुरुवात एका गटाच्या गोष्टीनं करते. गाव सांगत नाही, तालुकाही सांगत नाही. एका बचत गटात एक बाई नऊ वर्षं कोषाध्यक्ष होती. सातवी शिकलेली, हिशोबाला पक्की. दिवाळीनंतर तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डावा डोळा तर आधीपासूनच अधू. ऑपरेशन उत्तम झालं. पट्टी काढली तर अंगणातून शेजारच्या छपरावरचं मांजर दिसलं, एसटीची पाटी लांबून वाचता आली. सगळ्यांनी म्हटलं, डोळा आला.

होळीच्या सुमारास गटाचा हिशोब जमेना. पेटीत आठशे रुपये कमी. पुन्हा पुन्हा मोजलं. शेवटी वहीत सापडलं की एकीनं हप्त्याचे शंभर भरले होते आणि या बाईनं नऊशे मांडले होते. आता देवनागरीत १ आणि ९ लिहून बघा, घाईत लिहिलेले. वाचायला किती सारखे दिसतात ते कळेल. पण तेव्हा कोणी तसं म्हटलं नाही. म्हणाल्या, "लांबची पाटी दिसते, मांजर दिसतं, मग वही कशी दिसत नाही? सोंग करते." पुढच्या बैठकीत कोषाध्यक्ष बदलली.

ती माझ्याकडे आली तेव्हा एप्रिल होता. लांबची नजर तपासली, शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग जवळचं कार्ड हातात दिलं, तर पहिली मोठी ओळ सोडून काही नाही. तिला वाचायचा चष्माच मिळाला नव्हता. दीड महिन्यानं नंबर काढायला बोलावलं होतं, त्या वेळी हरभरा सोंगायला आला होता, ती गेली नाही. "दिसतंय की चांगलं, कायले जायचं?" असं तिला वाटलं. मी चष्मा घालून दिला तेव्हा तिनं पिशवीतून गटाची जुनी वही काढली. ती वही घेऊनच आली होती, माय. तिथंच बाकावर बसून तिनं पानं उलटली आणि आणखी दोन चुका स्वतः शोधल्या. एक गटाच्या फायद्याची होती, एक तोट्याची.

पद परत मिळालं नाही. तिनं मागितलंही नाही. पण ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही, म्हणून आज हा विषय घेतला.

आता डोळ्यात काय असतं ते समजून घेऊ. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर आलेला पापुद्रा असं पुष्कळजणी समजतात. तसं नाही. आपल्या बुबुळाच्या मागं जन्मापासून एक भिंग असतं, काचेसारखं स्वच्छ. वय वाढलं की ते पिवळं पडतं, मग गढूळ होतं. तोच मोतीबिंदू. हे भिंग एका पातळ पारदर्शक सालीत असतं. भिजवलेला हरभरा डोळ्यापुढे आणा. वर साल, आत दाणा. सर्जन त्या सालीला पुढून गोल तोंड पाडतो, आतला गढूळ दाणा काढून घेतो, साल तशीच ठेवतो, आणि त्या रिकाम्या सालीत नवं प्लास्टिकचं भिंग बसवतो. त्यालाच आपण लेन्स म्हणतो. मागची साल शाबूत राहिली पाहिजे, कारण लेन्स तिच्याच आधारानं बसते. ही साल लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

ही लेन्स कुठून आली त्याची कथा मला आवडते. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या लढाऊ विमानांच्या खिडक्या फुटून त्यांचे बारीक तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात घुसायचे. हॅरॉल्ड रिडले नावाच्या डोळ्याच्या डॉक्टरांनी बघितलं की काचेनं डोळा सुजतो, पण त्या खिडकीचं प्लास्टिक डोळा मुकाट सहन करतो. त्यावरून त्यांनी २९ नोव्हेंबर १९४९ ला लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये एका ४५ वर्षांच्या बाईच्या डोळ्यात पहिल्यांदा तसं भिंग बसवलं. जगात पहिली लेन्स बसली ती एका बाईला. आणि ऐका, तिलाही नंतर मोठा नंबर राहिलाच.

आपल्याकडे ते यायला फार वर्षं लागली. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ ला सुरू झाला. पण तुमच्यापैकी ज्या साठीच्या पुढं आहेत त्यांना आठवत असेल, तेव्हा शाळेच्या खोल्यांत शिबिरं लागायची, भिंग काढून टाकायचे आणि बदल्यात काचेचा जाड चष्मा द्यायचे, बाटलीच्या बुडासारखा. तो चष्मा फुटला की म्हातारी पुन्हा आंधळी. १९९४ नंतर जागतिक बँकेच्या मदतीनं सात राज्यांत मोठं काम झालं, त्यात आपला महाराष्ट्र होता. तेव्हापासून ऑपरेशन दवाखान्याच्या थिएटरात आणि लेन्स घालून करायची पद्धत गावोगावच्या लोकांपर्यंत आली.

पण सरकारी दवाखान्यात किंवा शिबिरात जी लेन्स बसते ती बहुतेक वेळा एकाच अंतराची असते, लांबचं दिसण्यासाठीची. आपलं मूळ भिंग तरुणपणी लांबचं, जवळचं दोन्ही जुळवून घ्यायचं. ही लेन्स तसं करत नाही. म्हणून सुई ओवायला, तांदूळ निवडायला, वही लिहायला जवळचा चष्मा लागतो. यात ऑपरेशन बिघडलं असं काही नाही. कोणी खासगीत जास्त पैसे भरून दोन-तीन अंतरांची लेन्स बसवतात, ती वेगळी गोष्ट.

पहिल्या काही आठवड्यांत नजर रोज वेगळी वाटते. रंग उजळ दिसतात, पांढऱ्यावर निळसर झाक येते. कारण इतकी वर्षं आपण पिवळ्या भिंगातून बघत होतो. मोताळ्याकडच्या एक आजी मला म्हणाल्या होत्या, "बाई, औंदा कापूस लय पांढरा झाला वं." कापूस दरवर्षीसारखाच होता. डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी येतं, उन्हाचा त्रास होतो. काहींना कानाच्या बाजूला चंद्रकोरीसारखी बारीक सावली दिसते. हे बहुतेक आपोआप कमी होतं, तरी तपासणीला सांगायचं. चुलीच्या धुरापासून मात्र जपा. धुरानं डोळा कोरडा पडतो आणि मग नजर दिवसभर झपकन स्वच्छ, झपकन धूसर होत राहते. पापणी मिटली की बरं वाटतं, तो कोरडेपणाच समजा.

जखम भरताना डोळ्याचा आकार किंचित बदलत असतो, म्हणून पक्का नंबर साधारण चार ते सहा आठवड्यांनी काढतात. आठव्या दिवशी बाजारातून चष्मा आणू नका, तो महिन्यानं चुकीचा निघेल. आणि दीड महिन्यानं जायचं ते जायचंच. त्या दिवशी हरभरा असो, तूर असो, लग्न असो.

[इथे एका आजींनी मधेच विचारलं, "बाई, मोतीबिंदू परत येते काय? माया आला वाट्टे."]

बरं झालं विचारलं. आजी, मोतीबिंदू परत येत नाही. भिंगच काढून टाकलं तर गढूळ काय होणार? पण तुम्ही म्हणता ते खोटं नाही. आधी छान दिसत होतं, आणि मग सहा महिन्यांनी, वर्षानं, दोन वर्षांनी हळूहळू पुन्हा धुकं आलं, असंच ना? तेच आता सांगते, आणि ते सांगताना माझ्या आईचं सांगावं लागेल.

माझी आई चिखली तालुक्यातल्या खेड्यात राहायची. तिचं ऑपरेशन मी स्वतः उभी राहून करून घेतलं. चष्मा दिला. नातवंडांना पोथी वाचून दाखवायची. वर्ष गेलं, सव्वा वर्ष गेलं. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायची, तर आई कधी काही बोलली नाही. एकदा गेले तर तांदूळ निवडायला तिनं नातीला बसवलं होतं. म्हटलं, आई, तू का नाही? म्हणाली, "तिले शिकू दे." मला खरं वाटलं. पुढच्या वेळी एकादशीच्या भजनाला गेली नाही. म्हणाली, "पाय दुखतात." तेही खरं वाटलं. मग एका संध्याकाळी मी फाटकातून आत आले आणि आईनं विचारलं, "कोण आहे?"

लोकांचे डोळे तपासण्यात माझी नोकरी गेली आणि माझ्या आईला सात-आठ महिने धूसर दिसत होतं, हे मला ठाऊक नव्हतं. तिला विचारलं का नाही सांगितलं, तर म्हणाली, "एकदा केलं ना आपरेशन. आता वय झालं. पुन्हा कायले तुले तकलीफ?"

तपासलं. लेन्स जागेवर, बाकी डोळा चांगला. तिची मागची साल धुरकट झाली होती. तो हरभरा आठवा. दाणा काढताना सालीला चिकटलेल्या काही पेशी राहूनच जातात, कितीही चांगला सर्जन असला तरी. त्या पेशी वाढतात आणि लेन्सच्या मागच्या सालीवर पसरतात. कंदील पेटता असतो, वात चांगली असते, पण काचेवर काजळी धरते, तसं. ही कोणाची चूक नाही. जुन्या अभ्यासांत पाच वर्षांत दर चार डोळ्यांमागे एकाला असं होतं असं दिसलं होतं. लेन्सच्या कडांची घडण बदलल्यापासून ते प्रमाण कमी झालं, पण थांबलेलं नाही. तरुणपणी ऑपरेशन झालं असेल तर जास्त होतं.

ओळखायचं कसं? दुखत नाही, लाल होत नाही. हळूहळू येतं. रात्री समोरून गाडी आली की उजेड फाकतो, दिव्याभोवती कडी दिसतात. उन्हात चेहरा ओळखू येत नाही. चष्मा पुसून पुसून दमता, चष्मा बदलला तरी फरक नाही. बाई म्हणते मोतीबिंदू परत आला, शेजारीण म्हणते ऑपरेशन फसलं, आणि घरचे म्हणतात वय झालं.

यावर लेसर आहे. याग लेसर म्हणतात. डोळ्यांसाठी हा लेसर पहिल्यांदा वापरात आणणाऱ्यांत पॅरिसच्या दानिएल आरों-रोझा नावाच्या डॉक्टरबाई होत्या, १९८० च्या सुमारास. त्याआधी ही साल उघडायला पुन्हा डोळ्यात सुई किंवा पातं घालावं लागायचं. आता थेंब टाकून बाहुली मोठी करतात. यंत्रासमोर स्टुलावर बसायचं, हनुवटी टेकवायची, समोरच्या दिव्याकडे बघायचं. टिक टिक असा आवाज येतो. त्या धुरकट सालीला मधोमध छोटी खिडकी पडते. काही मिनिटांचं काम. टाका नाही, पट्टी नाही, सहसा दुखत नाही, त्याच दिवशी घरी. डोळ्याचा दाब वाढला नाही ना हे बघतात आणि काही दिवसांचे थेंब देतात. चार-आठ दिवस डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगतात. क्वचित दाब वाढतो, फार क्वचित आतल्या पडद्याला इजा होते, म्हणून गरज असेल तरच आणि डॉक्टरांनी आतून तपासूनच करायचं. एकदा खिडकी पडली की बहुतेकींना पुन्हा लागत नाही.

माझ्या आईला खुर्चीवरून उठायला जितका वेळ लागला, त्याहून लेसरला थोडाच जास्त लागला असेल. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "तू एवढी पांढरी कधी झाली वं?" माझे केस म्हणायचं होतं तिला.

एक सावधगिरी. धूसर झालं म्हणजे सालच, असं घरी बसून ठरवू नका. डोळ्याच्या अगदी मागं आतल्या बाजूला आणखी एक पडदा असतो, त्याच्यावर चित्र उमटतं. तो खरा पडदा, साल वेगळी. ऑपरेशननंतर महिना-दोन महिन्यांत कधी कधी त्या पडद्याच्या मधोमध सूज येते. समोरच्या माणसाचा चेहराच नेमका पुसट आणि आजूबाजूचं ठीक दिसतं. चौकटीची सरळ कड नागमोडी दिसते. याला लेसर नाही, थेंब आणि इतर औषधं लागतात, आणि वेळेत घेतली तर बहुतेकींचं सुधारतं. शुगर असणाऱ्या बायांना हे जास्त होतं. शुगरवाल्यांनी ऑपरेशन होवो न होवो, वर्षातून एकदा थेंब टाकून आतला पडदा बघून घ्यायचाच. मोतीबिंदू काढला तरी शुगरनं मागचा पडदा खराब झालेला असेल, तर नवी लेन्स तरी काय करणार?

आता जे सांगते ते मागच्या रांगेनंही मान वर करून ऐका. आत्तापर्यंत जे सांगितलं त्याला चार दिवस उशीर झाला तरी चालतं. पुढचं ज्या दिवशी दिसेल त्याच दिवशी निघायचं.

एक, ऑपरेशननंतरच्या दिवसांत किंवा आठवड्यांत डोळा दुखायला लागला, लाल झाला, पापणी सुजली, आणि दिसत होतं ते कमी झालं. हे आत जंतू शिरल्याचं लक्षण असू शकतं. हजारात एखादीला होतं, पण जिला होतं तिचा डोळा तासांच्या हिशोबानं जातो. दोन, अचानक काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडल्यासारखं दिसलं, डोळ्यात वीज चमकल्यासारखे झटके आले, किंवा एका बाजूनं काळा पदर ओढल्यासारखा आला आणि वाढत चालला. मागचा पडदा सुटत असेल. दुखणार नाही, म्हणून बाया थांबतात. हे ऑपरेशननंतर महिन्यांनी, वर्षांनीही होऊ शकतं, आणि लहानपणापासून लांबचा मोठा नंबर असलेल्यांना जास्त. तीन, डोळ्याला मार लागला किंवा अचानक दिसायचंच बंद झालं.

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली एक आजी होती. ऑपरेशनच्या पाचव्या दिवशी डोळा ठणकायला लागला. सोयाबीन काढणीचे दिवस, थ्रेशर दारात उभं. जवळच्या एका डॉक्टरनं गोळी दिली, म्हणाला होईल बरं. घरी ठरलं की सोमवारी जाऊ. आजी रात्रभर कण्हत नव्हती, कारण मजूर ओसरीवर झोपले होते, त्यांची झोप मोडू नये म्हणून. चौथ्या दिवशी आणली तेव्हा बुबुळाच्या मागं पांढरं साचलेलं होतं. डॉक्टरांनी पुढे पाठवलं, तिथं डोळ्यात इंजेक्शन दिली, पण नजर वाचली नाही. सोयाबीन त्या वर्षी बरं झालं होतं. मुलगा दवाखान्याच्या जिन्यात बसून रडला, आणि आजी त्याला म्हणत होती, "एक आहे ना अजून."

(थोडं थांबते.)

दुसरं नुकसान मी पाहिलं ते थेंबांचं. ऑपरेशननंतर जे थेंब देतात त्यात बऱ्याचदा स्टेरॉईड असतं. महिना-दीड महिना, दर आठवड्याला कमी करत करत बंद करायचे असतात. ते डोळ्याला थंड वाटतात. मग बाई तीच बाटली मेडिकलवर दाखवून पुन्हा पुन्हा आणते, सहा महिने घालते, नणंदेच्या लाल डोळ्यातही घालते. काहींच्या डोळ्याचा दाब त्यानं वाढतो, आणि वाढलेला दाब काचबिंदू करतो. मोतीबिंदूनं गेलेली नजर ऑपरेशननं येते. काचबिंदूनं गेलेली येत नाही. चिठ्ठीवर तारीख संपली की बाटली संपली समजायचं.

आता तुम्ही म्हणाल, इतकं लक्षात कोण ठेवणार? म्हणून एक साधी गोष्ट सांगते, खर्च शून्य. भिंतीवर दिनदर्शिका असते ना? तिच्यापासून एक जागा ठरवा, चूल ते भिंत, उंबरा ते भिंत, जशी सोय. गटाच्या बैठकीच्या दिवशी सकाळी चष्मा घालून तिथं उभं राहायचं. एक डोळा तळहातानं झाकायचा, दाबायचा नाही. तारखेचा मोठा आकडा वाचायचा, मग बारीक तिथी. मग दुसरा डोळा झाकून तेच. त्याच वेळी दाराची चौकट सरळ दिसते का ते बघायचं. गेल्या आठवड्यात तिथी दिसत होती आणि आज दिसत नाही, तर कोणाला तरी सांगायचं. एक एक डोळा झाकणं महत्त्वाचं. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा अधू डोळ्याला सांभाळून घेतो, आपल्याला वर्षभर पत्ता लागत नाही. लिहिता न येणाऱ्या आजींनी आकड्याऐवजी रोजची एखादी खूण धरावी, छपराच्या कौलांची रांग, तुळशीची पानं.

आणि एका डोळ्याचं झालं, दुसऱ्याचं राहिलं, त्यांनी ते राहू देऊ नका. दोन डोळ्यांत फार फरक असला की पायरीचा अंदाज चुकतो. विहिरीवर, ओट्यावर, एसटीत चढताना पडतात. खुब्याचं हाड मोडलं की डोळ्याचं सगळं राहूनच जातं.

गटानं काय करायचं? दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आहे, ते आपण वाचतो आणि पुढच्या सूत्राला जातो. मला वाटतं, ऑपरेशन झालेल्या प्रत्येक सदस्येची आणि सदस्यांच्या सासवांची, आयांची यादी गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर असावी. ऑपरेशनची तारीख, कोणता डोळा, चष्मा मिळाला का, पुढची तपासणी कधी. दवाखान्यातून जे कार्ड मिळतं, त्यावर लेन्सच्या नंबराचं लहान स्टिकर चिकटवलेलं असतं. ते कार्ड बँकेच्या पासबुकासोबत ठेवा. लेसरला जा, दुसऱ्या डोळ्याला जा, डॉक्टर तेच आधी मागतात. माझ्या अनुभवात निम्म्या बायांचं कार्ड चुलीत गेलेलं असतं किंवा लेकरानं त्याची होडी केलेली असते.

सोबतीचं तर विचारूच नका. बायका तपासणीला येत नाहीत त्याचं कारण पैसा कमी आणि सोबत जास्त. मुलाला सुट्टी नाही, सून शेतात. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, ७५ च्या पुढच्यांना तिकीटच नाही, तरी एकटीनं बुलढाण्याला किंवा खामगावला जायची हिंमत होत नाही, कारण दिसतच नाही तर पाटी कशी वाचणार? गटातली एक बाई तीन आज्यांना घेऊन जाऊ शकते. तिची त्या दिवसाची मजुरी गटानं द्यायची की नाही, हे तुम्ही ठरवा. मी दिली असती. जिथं ऑपरेशन झालं तिथंच आधी जा. तिथं लेसरचं यंत्र नसलं तर ते कुठं पाठवतात, चिठ्ठी देतात का, खर्च किती, हे तोंडानं विचारा. लाजायचं नाही.

एक आकडा सांगून थांबते. देशात २०१५ ते २०१९ दरम्यान पन्नाशीच्या पुढच्या लोकांची नजर तपासणारं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. अंध निघालेल्या शंभरांत साधारण ६६ जण ऑपरेशन न झालेल्या मोतीबिंदूमुळे अंध होते. त्यांच्यासाठी शिबिरं आहेत, आशाताई आहेत, सगळे आहेत. पण त्याच शंभरांत सात जण असे होते की ऑपरेशन झालं होतं, आणि नंतरच्या गुंतागुंतीनं नजर गेली. त्यांची नावं कोणत्याच शिबिराच्या यादीत येत नाहीत, कारण कागदावर त्यांचं काम झालेलं असतं.

बरं, तिळगूळ वाटायचा राहिलाय आणि मी बोलतेच आहे. ती खिडकीजवळची सतरंजी जरा मोकळी करा, उजेड तिथं चांगला आहे. मी वाचायचं कार्ड आणि बॅटरी आणलीय. ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी एकेक करून या, दवाखान्याचं कार्ड आणलं असेल तर हातात ठेवा. मघाशी विचारलं त्या आजी पहिल्या. धरा माझा हात, इकडून या, पायाखाली वाण ठेवलंय.